सिलचर ते कोल्हापूर, तीन तास दहा मिनिटं

उशिरा येणाऱ्या माणसाचं कारण आधी पोहोचतं आणि माणूस मागून येतो, हे मी एकतीस वर्षं बसस्टँडवर कंट्रोलरची नोकरी करून शिकलो. मेढा, शिराळा, कराड आणि शेवटची अकरा वर्षं विटा. गाडी लेट आली की ड्रायव्हर खिडकीशी यायचा आणि मी पेन उघडून त्याच्या तोंडाकडं बघायचो. मेंढरं आडवी आली, उसाची ट्रॉली उलटली, फाटक पडलं होतं. यातलं निम्मं खोटं असतं. कुठलं निम्मं, हे ओळखणं म्हणजे माझी नोकरी, असं मी समजत होतो.

शिराळ्यात असताना एक ड्रायव्हर म्हणाला, रस्त्यात नाग आडवा आला म्हणून गाडी थांबवली. मी म्हटलं, नागपंचमीच्या गावात मलाच नागाची गोष्ट सांगतोस का, आणि लेटचा शेरा मारला. अर्ध्या तासानं मागच्या गाडीची माणसं उतरली, ती सगळी नागाचंच बोलत होती. पण शेरा मारून झाला होता, आणि एकदा मारलेला शेरा मी कधी खोडला नाही. बायको म्हणायची, "आवं, उद्या यम आला तर त्याला बी इचारशिला, गाडी का लेट झाली म्हणून." मला यात गंमत वाटायची नाही. विचारायला काय हरकत आहे, असंच वाटायचं.

आमचं गाव विट्याच्या पूर्वेला, कोरड्या अंगाचं. आजोबांनी मेंढरं राखली, वडिलांनी थोडी शेती केली, आणि पुढच्या पिढीला गलाईनं नेलं. गलाई म्हणजे सोनं-चांदी आटवून शुद्ध करायचा धंदा. आमच्याकडची पोरं मिसरूड फुटायच्या आत हे काम शिकतात आणि देशभर पांगतात. कुणी कोइमतूरला, कुणी विजयवाड्याला, कुणी थेट आसामात. गावात बंगले मोठमोठे, रंगवलेले, आणि वर्षातले अकरा महिने कुलपात.

त्यामुळं आमच्या गावात कुणी वारलं की माती कधी करायची हा प्रश्न गाड्यांच्या वेळांवर येऊन ठेपतो. मुलगा लांबून निघालेला असतो आणि तो पोहोचेपर्यंत थांबायची रीत आहे. विट्याहून बर्फाची पेटी आणायची आणि थांबायचं. मी रिटायर झालो आणि गावानं हे काम माझ्यावर सोपवलं. वही घेऊन ओट्यावर बसायचं, येणाऱ्या प्रत्येकाला फोन लावायचा, कोण कुठवर आलं ते लिहायचं, आणि किती वाजता उचलायचं ते सांगायचं. कुणी विचारलं की माणसं म्हणायची, "कंट्रोलर म्हनतील तवा."

हे काम मी मन लावून करायचो, कारण गलाईवाल्यांइतकं बेमालूम 'निघालोय' दुसरं कुणी म्हणत नाही. अंथरुणात पडून 'निघालोय' म्हणतात. म्हणून कुणी 'कराड सोडलं' म्हणाला की मी विचारायचो, उजव्या हाताला काय दिसतंय? ड्रायव्हरला फोन दे. टोलनाक्याचा फोटो पाठव. बाप गेलेला माणूस टोलनाक्याचा फोटो काढत बसायचा, आणि मी तो पाहून वहीत वेळ टाकायचो. आज हे लिहिताना बरं वाटत नाही, पण तेव्हा मला माझ्या कामाचा अभिमान होता.

माझा धाकटा भाऊ असाच गलाईवाला. माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान. आधी सहा वर्षं कोइमतूरला होता, मग सिलचरला गेला, त्याला आता अठरा वर्षं झाली. सिलचर आसामच्या पार खालच्या टोकाला आहे. बायको-मुलं तिकडंच. वर्षातून एकदा गावाकडं यायचा, आठ दिवस राहायचा, आणि त्या आठ दिवसांत आई पाच वर्षांनी तरुण दिसायची. लहानपणी तो खोटं बोलायचा. सगळीच पोरं बोलतात, पण याचं खोटं गोड असायचं आणि आईला ते आवडायचं. एकदा सांगून टाकतो म्हणजे झालं: आईचं पथ्यपाणी मी बघितलं, दवाखाने मी केले, आणि तिच्या तोंडी नाव मात्र त्याचं. याचा मला राग होता. राग आईवर धरता येत नव्हता म्हणून त्याच्यावर धरला.

तीन वर्षांपूर्वी आईच्या खुब्याचं ऑपरेशन सांगलीत झालं. त्या वेळी हा आला नाही. दरड कोसळून रेल्वे बंद पडलीय, म्हणाला. मी लगेच आमच्या गावच्या गुवाहाटीतल्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, हितं तर गाड्या चालू हायत. गुवाहाटी आणि सिलचरमध्ये डोंगर किती, हे मी विचारलं नाही. मनातल्या वहीत शेरा मारला आणि वही मिटली.

आमच्याकडं बापाला थोरल्यानं अग्नी द्यायचा आणि आईला धाकट्यानं. वडिलांना मी दिला होता. गेल्या डिसेंबरात डॉक्टरांनी आता घरीच ठेवा म्हणून सांगितलं, तेव्हा आईला गावी आणलं. दुसऱ्याच दिवशी तिनं मला जवळ बोलावलं आणि नीट, स्पष्ट शब्दांत सांगितलं, "धाकटा येस्तवर मला हलवू नगंस." माझी बायको तिथंच उशी सारखी करत होती. मी मान हलवली.

संक्रांत झाल्यावरच्या आठवड्यात, सकाळी साडेसहाला आई गेली. मी भावाला फोन लावला. तो रडला. मग नाक ओढून म्हणाला, "उद्या सकाळी सातपतोर दारात असतोय. तवर थांबा, दादा." बायको-मुलांना मागाहून रेल्वेनं यायला सांगतो, मी विमानानं येतो, म्हणाला.

मी वही उघडली. पहिल्या ओळीवर त्याचं नाव आणि पुढं 'उद्या सकाळी ७' लिहिलं. लिहिलं आणि पेन तिथंच थबकलं. चोवीस तास? विमानाला? कोइमतूरची माणसं रेल्वेनं एवढ्या वेळात येतात. मग विमानात बसायचं कशाला?

मी मोबाईल घेतला. इंग्रजी मला अक्षरं लावत वाचता येतं. एका बोटानं सिलचर आणि कोल्हापूर अशी दोन नावं टाकली, आणि लगेच एक पान उघडलं. वर ठळक अक्षरांत दोन्ही विमानतळांची नावं, मध्ये एक छोटं विमान, खाली अंतर एकवीसशे पंचेचाळीस किलोमीटर, आणि त्याखाली प्रवासाचा वेळ: तीन तास दहा मिनिटं. त्याच्याही खाली बारीक अक्षरं होती, बॅगांच्या आणि हॉटेलांच्या जाहिराती होत्या. तिथवर मी गेलो नाही. मला पाहिजे होतं ते मिळालं होतं.

जन्मभर केलेला हिशेब मी पुन्हा एकदा केला. अकराचं विमान धरलं तरी दोन वाजून दहा मिनिटांनी कोल्हापूर. तिथून आमचं गाव सव्वादोन तास. साडेचारला माणूस दारात पाहिजे. चाक पंक्चर झालं, चहाला थांबला, सगळं धरून मी 'सायंकाळी ५' असं लिहिलं. एकाखाली एक दोन वेळा दिसत होत्या. आजचे पाच आणि उद्याचे सात. मधले चौदा तास हा कुठं घालवणार होता?

चुलते शेजारी कांबळं पांघरून बसले होते. वडिलांच्या पाठचे, ऐंशीच्या पुढचे. त्यांना मी मोबाईल दाखवला. त्यांनी तो लांब धरून पाहिला आणि परत दिला. म्हणाले, "इमानाचं आपल्याला काय ठावं? त्यो सात म्हनतोय तर सात." मला त्यांची कीव आली. अशीच माणसं फसतात, असं मनात आलं.

साडेनऊला मी फोन केला. भाऊ अजून घरीच. विमान एक वाजता आहे, म्हणाला. मी विचारलं, एक वाजताचंच का? अकराचं का नाही? तो म्हणाला, दुसरं न्हाईच. मी वहीत लिहिलं: 'अजून घरी'. सव्वाबाराला तो विमानतळावर होता आणि धुक्यामुळं विमान उशिरा सुटणार होतं. धुकं. हे कारण मी मेढ्याला इतक्या हिवाळ्यांत ऐकलं होतं की मला हसू येणार होतं. भर दुपारी बाराला कसलं धुकं?

तोवर अंगण भरलं होतं. पाव्हणे यायला लागले होते. मेढ्याला दिलेली आत्या दुपारी पोहोचली आणि आईपाशी बसून राहिली. एकदोघांनी पेटीचं विचारलं. मी बघू म्हटलं. खरं तर पेटी मागवली की मी रात्रभर थांबायला तयार आहे असं झालं असतं, आणि मी अजून ठरवलं नव्हतं. नाही, हेही खरं नाही. मनातून ठरवलं होतं, फक्त पुरावा गोळा करत होतो.

साडेतीनला त्याचा फोन आला. कोलकात्यात उतरलोय, म्हणाला.

कोलकाता! महिन्यातून एकदा तो धंद्याच्या कामासाठी कोलकात्याला जातो, हे मला माहीत होतं. म्हणजे हा सिलचरला नव्हताच. कालपासून कोलकात्यात असणार, आणि तिथलं काम उरकल्याशिवाय हलायचा नाही. आई गेली तरी नाही. मी शांत आवाजात विचारलं, "कोलकात्याला कशाला गेलास?"

"हितनंच यावं लागतंय, दादा," तो म्हणाला. मागं कुणीतरी भोंग्यावर बोलत होतं, त्यात त्याचं पुढचं बोलणं बुडालं. पुण्याच्या विमानात जागा न्हाई, मुंबईचं मिळालंय, एवढं ऐकू आलं. मी मनात म्हटलं, आता मुंबई. उद्या दिल्ली म्हणेल.

सव्वापाच झाले. पाचची वेळ वहीत तशीच कोरडी पडून होती. मी त्याला चेहरा दिसतो तसला फोन लावला, म्हणजे तो व्हिडिओ कॉल. त्यानं लगेच उचलला. डोळे सुजलेले होते, ते मी बघितले. पण मी डोळे बघायला फोन केला नव्हता. त्याला म्हटलं, मोबाईल जरा फिरव, आजूबाजूचं दाखव. त्यानं फिरवला. मागं घड्याळांचं दुकान, चपलांचं दुकान, चकचकीत फरशी, आणि गादीच्या खुर्च्यांवर माणसं निवांत कॉफी पीत बसलेली. कुणाच्या डोक्यावर गाठोडं नाही, कुणाला घाई नाही. एकतीस वर्षं मी स्टँड बघितले. गाड्या सुटतात ती जागा अशी असते का? मी विमानतळ आतून कधी पाहिला नव्हता, हे त्या क्षणी आठवलं असतं तर बरं झालं असतं.

आणि मग मला काच दिसली. त्याच्या पाठीमागं मोठी काच होती आणि काचेपलीकडं काळोख. दिवस बुडालेला, दिवे लागलेले. मी मान वर केली. माझ्या अंगणात ऊन होतं. समोरच्या लिंबाची सावली अजून गोठ्यापर्यंतही पोहोचली नव्हती. घड्याळात पाच वाजून पंचवीस मिनिटं.

एका देशात एकाच वेळी इथं ऊन आणि तिथं रात्र कशी असेल? हा भारतात तरी आहे का? आमच्यातले दोघंतिघं परदेशात गेलेत, हाही कुठंतरी बाहेर गेलाय आणि घरी थापा मारतोय. मला इतकं लख्ख दिसलं की रागसुद्धा आला नाही. उलट हलकं वाटलं, शंका खरी ठरली की माणसाला वाटतं तसं. मी फोन ठेवला आणि उठून म्हणालो, "चला, आवरा. दिवस मावळायच्या आत उचलायचं."

चुलते काठी टेकत जवळ आले. "आरं, सातचं बोललाय न्हवं त्यो? येका रातीचा तर परश्न हाय. थंडीचं दिस हायत. पेटी आनू."

"त्यो येत न्हाई," मी म्हणालो. "सकाळ झाली की दुपार म्हनंल, दुपार झाली की सांज. मी असली लय मानसं बगितल्यात."

बायको दारात उभी होती. ती चारचौघांत माझ्याशी कधी वाद घालत नाही. तिनं एवढंच विचारलं, "आईंनी काय सांगितलं हुतं?" मी ऐकलं नाही असं दाखवलं. बाकी माणसं उठून कामाला लागली. गावाला सवय होती, कंट्रोलर म्हणतील तेव्हा. माझ्या हाताच्या इशाऱ्यावर इतक्या गाड्या सुटल्या होत्या, तशीच ती तिरडी उठली.

मडकं मी खांद्यावर घेतलं. तीन फेऱ्या मी मारल्या. अग्नी मी दिला. त्याच्या आधी एकदा, कर्तव्य म्हणून, भावाला फोन लावला, तो बंद होता. मी मनात म्हटलं, आता बंदच लागणार. तो विमानात बसला असेल असं डोक्यातसुद्धा आलं नाही. सूर्य त्यानंतर मावळला. रात्री त्याचे पाच फोन आले. मी एकही उचलला नाही. सबबी ऐकायची ताकद उरली नाही, अशी स्वतःचीच समजूत काढली.

सकाळी सात वाजायला दहा मिनिटं असताना एक पांढरी मोटार दारात थांबली. मुंबईकडची पाटी, ड्रायव्हरचे डोळे तांबारलेले. भाऊ उतरला. खांद्याला एक बॅग, अंगात पातळ स्वेटर. तो कुणाशी न बोलता तडक सोप्यात गेला. तिथं सारवलेल्या जागेवर दिवा तेवत होता, आणि बाकी जागा मोकळी होती. तो दिव्यासमोर किती वेळ उभा होता ते सांगता येणार नाही. मी घड्याळ बघितलं नाही. मला आठवतं तेवढ्यात पहिल्यांदाच बघितलं नसेल.

तो बाहेर आला तेव्हा अंगणात भावकी बसली होती. आत्या माझ्याकडं वळली. म्हणाली, "लेकाला आयचं तोंड बगू दिलं न्हाईस. त्यो सातला येतो म्हनला आनि सातला आला. कशाची घाई झाली हुती तुला?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. कालपर्यंत माझ्या वहीकडं बघणारी तीच माणसं.

भावानं बॅग खाली ठेवली. "दादाला कशाला बोलतीयास, आत्या? मीच सांगितलं हुतं फोनवर. म्हनलं, माझं काय खरं न्हाई, थांबू नगा."

माणसांनी माना हलवल्या. कुणीतरी त्याला चहा आणून दिला. आणि मी? लाज वाटते, पण लिहितो. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा: हा खोटं का बोलतोय? यात याचा काय डाव आहे?

तो सगळा दिवस मी तो डाव शोधत राहिलो. जमिनीचं काही असेल, घराचं असेल. तो मात्र सुतकात बसला होता, मिळेल ते खात होता, आणि माझ्याशी नेहमीसारखा बोलत होता. त्यानंच मला जास्त संशय आला. तिसऱ्या दिवशी पहाटे, राख सावडायला निघायच्या आधी, मी मोबाईल काढला. माझं चुकलं नव्हतं हे एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. तेच पान उघडलं. तीन तास दहा मिनिटं. या खेपेला बोट खाली सरकवलं, बॅगांच्या जाहिरातीखाली. बारीक अक्षरं एकेक लावत वाचली. या दोन विमानतळांमध्ये थेट विमान जात नाही. वरचं अंतर सरळ रेषेत मोजलेलं आहे आणि वेळ त्यावरून अंदाजानं काढलेला आहे.

मी ते तीनदा वाचलं. आमच्या धंद्यात दोन गावांची नावं, मध्ये किलोमीटर आणि पुढं वेळ लिहिली म्हणजे गाडी आहेच. गाडी नसताना कोणी पाटी रंगवत नाही. ज्या वाटेनं कोणी जातच नाही, त्या वाटेचा वेळ कुणी मिनिटासकट लिहून ठेवेल, हे माझ्या अकलेच्या बाहेरचं होतं. दुसऱ्या कुणी अशी चूक केली असती तर मी त्याला स्टँडवर उभा सोलला असता.

सावडणं झाल्यावर अस्थी घेऊन आम्ही दोघंच कराडला निघालो, संगमावर. गाडी भाऊ चालवत होता. गाठोडं माझ्या मांडीवर होतं. विटा मागं पडल्यावर मी सगळं सांगितलं: पान, किलोमीटर, पाचची वेळ, कोलकाता, काचेतला काळोख. सांगताना मला ते इतकं खुळ्यासारखं वाटत होतं की मध्येच थांबावंसं वाटलं. पण सांगितलं.

तो रस्त्याकडंच बघत होता. म्हणाला, "तसलं इमानच न्हाई, दादा. सिलचरचं मानूस आधी कोलकात्याला येतंय, मग मुंबई न्हाईतर पुनं, मग गाडी. अठरा वर्सं असाच येतोय मी."

मी विचारलं, आणि तो काळोख?

"तिकडं थंडीत पाचला दिवस मावळतोय. आयला ठावं हुतं की. रोज साडेचारला फोन करायची, दिवा लावलास का म्हनून."

तो फोन मी समोर बसून ऐकलेला होता. रोज. भर उन्हात आई दिव्याचं काय विचारते, म्हातारपणानं भ्रमतंय, असं मला वाटायचं. लिहिता-वाचता न येणाऱ्या आईला तिच्या मुलाचा सूर्य कधी मावळतो हे माहीत होतं.

मी म्हणालो, माझं चुकलं. पुढं एक उसाची ट्रॉली होती, तिच्या मागं आम्ही बराच वेळ हळूहळू चाललो होतो. मग तो म्हणाला, "तू समद्या गावाला इचारतोस, कुटवर आलास म्हनून. मला येकदा इचारायचं हुतंस, कसा येतोस."

त्याच्या आवाजात राग असता तर मला सोसलं असतं. राग नव्हता. मी गाठोडं दोन्ही हातांनी धरून बसलो. कराड जवळ आलं तेव्हा मी विचारलं, मग काल सगळ्यांसमोर खोटं का बोललास?

"तुला गावात ऱ्हायचं हाय," तो म्हणाला. "मी काय, पंधरा दिसानं जानार."

संगमावर अस्थी त्यानं सोडल्या. मी मागं काठावर उभा राहिलो. तेवढं तरी त्याच्या हातानं होऊ दे, असं वाटलं, आणि तेवढंच आता माझ्या हातात होतं. परत येताना मी मनाशी ठरवलं की तेराव्याला सगळी भावकी जमेल, तेव्हा उभं राहून खरं सांगायचं. यानं मला थांबू नका म्हणून सांगितलं नव्हतं. यानं थांबा म्हणून सांगितलं होतं. दोनच वाक्यं होती. मी ती पाठ करून ठेवली.

तेराव्याला दोन पंगती उठल्या. तिसरीत आम्ही घरची माणसं बसणार होतो. भाऊ वाढत होता, पातेलं घेऊन पानांमधून वाकून फिरत होता. चुलते माझ्याजवळ आले आणि खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात विचारलं, "त्यानं खरंच सांगितलं हुतं का रं, थांबू नगा म्हनून? आत्यानं तुला बोलू नये म्हनून म्हनला का?"

आजूबाजूला माणसं होती. आत्या होती. बायको पाण्याचा तांब्या घेऊन दोन हातांवर उभी होती आणि माझ्याकडंच बघत होती. पाठ केलेली वाक्यं तोंडापर्यंत आली होती.

"व्हय," मी म्हणालो. "त्यानंच सांगितलं."

बायकोनं मान खाली घातली. चुलत्यांनी माझ्याकडं रोखून बघितलं नाही. किती वाजता सांगितलं, कुठून सांगितलं, काहीच विचारलं नाही. "मग बरं केलंस," ते म्हणाले, आणि माझ्या शेजारच्या पानावर जेवायला बसले.